शेवटच्या डब्याचा दिवा

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता एक खोली मनात उभी करा. ती जमिनीवर नाही, बावीस पायऱ्या चढून वर आहे. तिला तीन बाजूंनी खिडक्याच खिडक्या आहेत. चौथ्या बाजूला एक मोठं घड्याळ, एक फळी आणि फळीवर पितळेची घंटा. खोलीच्या मधोमध, तुमच्या छातीपर्यंत येतील असे चोवीस लोखंडी दांडे एका ओळीत उभे आहेत. काही लाल, काही काळे, काही निळे. प्रत्येक दांड्याला खालून एक तार किंवा सळई जोडलेली आहे, आणि ती थेट रुळांपर्यंत गेलेली आहे. तुम्ही इथे लाल दांडा ओढलात की तिकडे लांबवर सिग्नलचा हात हलतो. नुसत्या मनगटाच्या जोरावर नाही बरं का. अख्खं अंग मागे झोकून द्यावं लागतं.

थांबा, दांड्याला हात लावायच्या आधी फळीवरचं फडकं घ्या. मुठीला उघडा हात लावायचा नाही. घामाने लोखंड गंजतं.

घेतलंत फडकं? मग आता तुम्ही केबिनमध्ये आलात. आणि ही गोष्ट या केबिनमध्ये पस्तीस वर्षं गाड्या पास केलेल्या एका आजोबांची आहे.

गोष्ट सुरू होते तेव्हा आजोबा एकाहत्तर वर्षांचे होते आणि केबिन सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती. ते मुलीकडे राहत. जावई जहाजावर, महिनोन्‌महिने लांब. घरात आजोबा, त्यांची मुलगी आणि दहा वर्षांची नात. नातीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती सतत काहीतरी इकडून तिकडे वाहून नेत असे आणि मधल्या वाटेत कुणाचं ऐकत नसे.

एके दिवशी सकाळी रेल्वेच्या कचेरीतून पत्र आलं. दीड महिन्याने, रविवारी, जुनी केबिन बंद होणार होती. पुढे सगळे सिग्नल लांबच्या एका कचेरीतून कॉम्प्युटरवर चालणार. त्याआधी एक शेवटची गाडी जुन्या दांड्यांवर पास करायची असं साहेबांनी ठरवलं होतं, आणि ती पास करायला हयात असलेल्यांतला सगळ्यात जुना केबिनवाला म्हणून आजोबांना बोलावलं होतं.

आजोबांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि दिवसभर दर तासाला खिसा चाचपून पाहिला. त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण आता त्यांना जगात एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी त्या बावीस पायऱ्या चढायच्या, फडकं हातात घ्यायचं आणि ती गाडी आपल्या हातांनी पार करायची.

आणि नेमकं तिसऱ्या दिवशी दुखणं आलं.

तसं ते दाराशी आठवडाभर उभं होतंच. बसलं की खाली कुणीतरी गरम खडा ठेवल्यासारखं वाटे. लघवीला जळजळ. जाऊन यावं आणि दहा मिनिटांत पुन्हा जावंसं वाटावं, आणि गेल्यावर धार थांबत थांबत, रुसल्यासारखी. आजोबांनी ते सगळं अंगावर काढलं. वय झालं की असं व्हायचंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांना अशी थंडी भरली की दात वाजायला लागले. मुलीने कपाळाला हात लावला आणि पायांत चपला सरकवल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, मुलीपेक्षाही वयाने लहान. काय होतंय, असं त्यांनी विचारल्यावर आजोबा म्हणाले, कंबर दुखते.

“काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कंबर दुखणारी माणसं अशी खुर्चीच्या कडेवर टेकत नाहीत.”

मग त्यांनी मुलीला आणि मुंगीला बाहेर बसायला सांगितलं आणि एकेक प्रश्न विचारला. आजोबांनी चौकशी समितीपुढे उभं राहिल्यासारखी उत्तरं दिली, होय आणि नाही, याच्यापुढे एक शब्द जास्त नाही. तपासणीला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत आजोबांनी भिंतीवरच्या फरशा मोजून घेतल्या. त्या चौऱ्याहत्तर होत्या.

डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद ओढला आणि त्यावर चित्र काढलं. वर एक पिशवी, ती लघवीची. पिशवीच्या बरोबर खाली अक्रोडाएवढी एक गाठोडी. आणि पिशवीतून निघालेली नळी थेट त्या गाठोडीच्या पोटातून खाली गेलेली.

ही प्रोस्टेट ग्रंथी, त्या म्हणाल्या. फक्त पुरुषांना असते. तिला जंतूंमुळे सूज आली आहे. ती सुजली की मधून जाणाऱ्या नळीला चिमटा बसतो, म्हणून धार अडते. आत दाह आहे, म्हणून जळजळ, म्हणून ताप. म्हातारपणी ती नुसती वाढते, ते दुखणं निराळं. हे तरुणांनाही होतं, आणि काहींच्या बाबतीत तर जंतू सापडतच नाहीत, तरी दुखतं.

आजोबांनी कागदावरच्या चित्राकडे बघत विचारलं, “ते… वाईटातलं तर नाही ना?”

“मला आज दिसतेय ती सूज आहे, आणि ती औषधाने उतरते. लघवी तपासायला पाठवू, म्हणजे कुठला जंतू ते कळेल.” मग त्यांनी विचारलं, “दिवसाला पाणी किती पिता?”

इथे आजोबांची मान खाली गेली. का ते सांगतो. केबिनचा पहिला नियम असा की दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय केबिन सोडायची नाही. आणि शौचालय कुठे, तर फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून आजोबांनी तरुणपणीच एक युक्ती काढली होती. सकाळी अर्धा कप चहा, आणि मग ड्यूटी संपेपर्यंत घशाखाली थेंब नाही. केबिनमधला पाण्याचा जग पाहुण्यांसाठी. तरीही अंगाने कुरकुर केलीच, तर रोखून धरायचं. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. आणि केबिन सुटली तरी सवय सुटली नव्हती. मुलगी पाण्याचा पेला भरून समोर ठेवायची आणि आजोबा तो गुपचूप खिडकीतल्या कुंडीत ओतायचे. घरात सगळ्यात टवटवीत कोण असेल तर ते रोप.

त्यानेच हे झालं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणाला का होतं, ते दरवेळी सांगता येत नाही. पण पाणी न पिणं आणि रोखून धरणं, याने शरीराला मदत मुळीच होत नाही. मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, दोन वेळा, अठ्ठावीस दिवस. आठवड्यात बरं वाटायला लागेल, तरीही सोडायच्या नाहीत, असं बजावलं. या ग्रंथीत औषध फार हळू झिरपतं, वरवरचे जंतू मेले तरी आतले दडून राहतात.

आजोबांनी मान डोलावली. खरं तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. अठ्ठावीस दिवस म्हणजे केबिनच्या दिवसाआधी सगळं आटोपेल. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी ताप उतरला. मुंगीने काहीतरी वाहून नेता नेता आजोबांचा सदरा उचलला आणि खिशातून तो चित्राचा कागद बाहेर आला.

“आजोबा, हे कुठलं स्टेशन?”

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, ठेव ते जागेवर. आजोबांचाही हात कागद घडी घालायला पुढे झाला होता. पण मुंगीच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांनी आजवर ‘मोठी झालीस की कळेल’ असं उत्तर दिलं नव्हतं. एवढ्याशा अक्रोडापायी आता द्यायला लागायचं का? त्यांनी चष्मा लावला.

हे माझं यार्ड, ते म्हणाले. ही वरची पिशवी म्हणजे जिथे गाड्या जमतात ती जागा. ही नळी म्हणजे रूळ. आणि हा रूळ या छोट्या डोंगराच्या बोगद्यातून बाहेर पडतो. सध्या डोंगर सुजलाय, म्हणून बोगदा अरुंद झालाय. हा डोंगर उगाच नाही हं तिथे. माणसाला मूल होण्यासाठी जो द्रव लागतो, त्यातला थोडा इथे तयार होतो.

“माझ्यात आहे?”

“नाही. पुरुषांतच असतो. शेजारच्या काकांना आहे. तुमच्या गणिताच्या सरांना आहे.”

“त्यांना माहीत आहे?”

आजोबांनी विचार केला. “बहुतेक नसावं. मलाही परवापर्यंत नव्हतं.”

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण वाजलं. मुलगी हसत होती. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मुंगीने गणिताच्या सरांकडे जरा काळजीनेच पाहिलं.

मग आजोबांनी गोळ्यांची नोंदवही उघडली. साधी वही नव्हे, केबिनमधलीच एक जुनी, कोरी राहिलेली. गाडीचा नंबर, आली किती वाजता, गेली किती वाजता, असे रकाने आखलेली. आजोबांनी गाडीच्या जागी गोळी लिहिली आणि शेजारी पाण्याच्या पेल्यांचा रकाना काढला. सकाळी आठ, गोळी गेली, पेले दोन. रात्री आठ, गोळी गेली, पेले तीन. खाली सही. खिडकीतलं रोप त्या आठवड्यात प्रथमच जरा मान टाकून उभं राहिलं, तेव्हा मुलीने त्याला वेगळं पाणी घातलं.

दुपारी मुंगी शाळेतून आली की दोघांची तालीम चाले. दोन खुर्च्यांच्या मध्ये झाडूचे दांडे बांधलेले, पेला म्हणजे घंटा आणि चमचा म्हणजे तिचा टोला. आधी काळा दांडा, म्हणजे रूळ जुळतात. मग निळा, म्हणजे ते रूळ कुलूपबंद होतात. मग लाल, म्हणजे सिग्नल. क्रम चुकला की दांडा हलतच नाही, अशी आतून रचना असते. मुंगी क्रम चुकायची आणि आजोबा झाडू घट्ट धरून ठेवायचे. “हलतोय का? नाही ना? लोखंडाला गोडगोड बोलून चालत नाही.”

घंटेचीही भाषा होती. एक टोला म्हणजे, आहात का जागेवर? दोन टोले म्हणजे, गाडी तुमच्याकडे निघाली. दोन, जरा थांबून एक, म्हणजे गाडी पार झाली, रस्ता मोकळा. पुढच्या केबिनमध्ये तारेच्या टोकाला दुसरा माणूस असे. आजोबा त्याला ‘पलीकडचा’ म्हणत. बावीस वर्षं दोघे एकमेकांशी घंटेवर बोलले आणि प्रत्यक्ष भेटले फक्त दोनदा. दुसऱ्यांदा भेटले तेव्हा काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून नुसता चहा पिऊन परतले. पण पलीकडच्याचा हात आजोबा हजारांत ओळखत. त्याचा दुसरा टोला नेहमी किंचित रेंगाळायचा, खाकरल्यासारखा. सर्दी झाली असेल तर तीही घंटेत कळायची, असं आजोबा शपथेवर सांगत. आणि ड्यूटी संपली की, शेवटचे दोन आणि एक वाजवून झाल्यावर, पलीकडचा एक टोला जास्तीचा द्यायचा. तो नियमात नव्हता. त्याचा अर्थ, सगळं ठीक, चाललो घरी. साहेबांना कळलं असतं तर दोघांनाही झापलं असतं.

पलीकडचा आता नव्हता. त्याची केबिन तर त्याच्याही आधी गेली होती.

मुंगीला मात्र सगळ्यात आवडायची ती धुक्याची गोष्ट. आजोबांनी तिला ती किती वेळा सांगितली असेल, त्याला गणती नाही. नोकरीचं दुसरं वर्ष. सकाळचं दाट धुकं. मालगाडी धडधडत केबिनसमोरून गेली, इंजिन गेलं, डबे गेले, आवाजही विरला. पलीकडे फलाटावर माणसांनी भरलेली गाडी सुटायला उभी, तिचा ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देतोय. आता मालगाडी गेली तर सिग्नल द्यायला काय हरकत? पण प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा असतो, आणि तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी गेली असं म्हणायचं नाही. आजोबांनी दिवा पाहिला नव्हता. त्यांनी दांडा ओढला नाही. स्टेशनमास्तर खालून ओरडले, ड्रायव्हरने शिव्या घातल्या, तरी ओढला नाही. शेवटी धुकं फाटलं, तेव्हा वळणाच्या अलीकडे अकरा डबे उभे दिसले. जोड तुटून ते मागे राहिले होते, मुकाट्याने, त्याच रुळावर.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. नवव्या दिवशी आजोबा उठले, तर खडा नाही, जळजळ नाही, धार मोकळी. झाडूचे दांडे त्यांनी एका दमात ओढले. गोळ्यांनी तोंडाला कडवट चव यायची आणि पोट ढवळायचं. बरं वाटतंय तर पोटाला छळायचं कशाला, असा त्यांनी विचार केला. त्यांनी नोंदवही उघडली, ‘गाडी पार’ असं लिहिलं, खाली ठसठशीत रेघ मारली आणि सही केली. उरलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यामागे गेल्या. मुलीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी काय कुकुलं बाळ आहे का?

आठवडाही झाला नसेल, खडा परत आला.

आधी बारीक, मग चांगला मोठा. आजोबांनी पुन्हा तोंडाला कुलूप लावलं. दवाखान्यात गेलं तर डॉक्टरीणबाई पायऱ्या चढू नका म्हणतील, रेल्वेला कळेल, आणि पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने निघेल. केबिनच्या दिवसाला पंचवीस दिवस उरले होते. एवढे दिवस काढू, मग बघू, असं ते स्वतःला सांगत. तालमीत मधेच ‘आलोच’ म्हणून उठत, आणि परत आले की खुर्चीच्या कडेवर टेकत. पाण्याचा पेला पुन्हा कुंडीकडे वळला.

रोप टवटवीत झालं. ते पाहिलं मुंगीने.

त्या दुपारी ती नोंदवही घेऊन आली आणि आजोबांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, धुक्याची गोष्ट सांगा. आजोबा खूश झाले. गोष्ट सांगताना दुखणं विसरायला होतं. ते रंगात आले. इंजिन गेलं, डबे गेले, आवाज विरला…

“मग तुम्ही पलीकडच्याला घंटा दिलीत?”

“अगं, कशी देणार? दिवा कुठे दिसला होता?”

मुंगीने वही उघडली. ‘गाडी पार’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“मग इथे कुठला दिवा पाहिलात?”

आजोबांनी वही मिटायला हात पुढे केला. मुंगी बोट काढायला तयार नव्हती. ते बोट शाईने माखलेलं होतं आणि त्याचं नख चावून बारीक केलेलं होतं, आणि आजोबांना वाटलं, पस्तीस वर्षांत एवढा कडक साहेब आपल्या केबिनमध्ये आला नाही.

“दुखतंय ना?” तिने हळूच विचारलं.

“दुखतंय.”

“पायऱ्या चढू देणार नाहीत म्हणून सांगत नाही?”

आजोबांनी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी पेन मागितलं. त्यांच्या नोंदवहीत पस्तीस वर्षांत एक खाडाखोड नव्हती. त्यांनी ‘गाडी पार’ वर आडवी रेघ ओढली, शेजारी तारीख घातली आणि सही केली. सही जरा वाकडी आली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि ते आजोबांना जास्त लागलं. त्यांनी पुन्हा लघवी तपासायला पाठवली आणि गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या, या वेळी सहा आठवडे. म्हणजे केबिनचा दिवस बरोबर मध्ये येत होता. आजोबांनी खिशातलं पत्र काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ते शांतपणे वाचलं.

ताप आला नाही तर जा, त्या म्हणाल्या. पण पाणी पिऊन जायचं, आणि लागली की खाली उतरायचं. रोखून धरायचं नाही.

“केबिन सोडायची नसते,” आजोबा म्हणाले.

“दुसरा माणूस उभा असेल तर?”

नियम तर तसाच होता.

म्हणून आजोबांना रेल्वेच्या कचेरीला पत्र लिहायला बसावं लागलं. आयुष्यातलं सगळ्यात अवघड पत्र. पहिल्या कागदावर त्यांनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यावर कंबर दुखते असं लिहिलं आणि स्वतःलाच हसले. तिसऱ्यावर लिहिलं की प्रोस्टेटला सूज आली आहे, उपचार चालू आहेत, मधून मधून लघवीला खाली जावं लागेल, तरी तेवढ्या वेळापुरता एक जाणकार माणूस केबिनमध्ये द्यावा. मुंगीने ते वाचलं, एक काना कमी होता तो घातला आणि पेटीत टाकून आली.

चौथ्या दिवशी पत्राचं उत्तर आलं, तेही चालत. दारात कंदील उभा होता. म्हणजे आजोबांच्या वेळचा दिवेवाला, सिग्नलच्या दिव्यांत तेल घालणारा, उंच, वाळका, नाक लाल, म्हणून सगळे त्याला कंदील म्हणत. जाणकार माणूस म्हणून रेल्वेने त्यालाच शोधून काढलं होतं. चहा झाला, जुन्या लोकांची विचारपूस झाली. मग कंदिलाने पेला खाली ठेवला.

“केबिनवाले, मलाही झालं होतं ते. दोन वर्षं कुणाला बोललो नाही. बायकोला वाटायचं, माझं लक्ष घरात नाही.”

“मग?”

“मग काय, एकदा रस्त्यातच अडलं. पोरगा उचलून घेऊन गेला.” तो लाल नाक चोळत हसला. “सिग्नलच्या खांबावर चढायला कधी भ्यालो नाही, आणि एवढं सांगायला भ्यालो बघा.”

दोघे म्हातारे मग बराच वेळ बोलत बसले, मोकळेपणाने, कुठे दुखायचं, कसं दुखायचं. मुंगीच्या आईने मध्येच येऊन पाण्याचे दोन पेले ठेवले. दोघांनी निमूटपणे ते रिकामे केले.

रविवारी आजोबा बावीस पायऱ्या चढले, मध्ये दोनदा थांबून. वर पोचले आणि दारातच उभे राहिले. तोच तेलाचा आणि उन्हाने तापलेल्या लाकडाचा वास. फळीवर नवं कोरं फडकं ठेवलेलं होतं. आजोबांनी ते बाजूला सारलं आणि घरून आणलेलं जुनं काढलं, धुऊन धुऊन जाळी झालेलं. चौदा नंबरच्या लाल दांड्याच्या मुठीवर त्यांच्याच हाताने पडलेली झीज अजून तशीच होती. त्यांनी फडक्यातून तिच्यावर अंगठा फिरवला, आणि काही क्षण त्यांना वाटलं की आता घंटा वाजेल आणि दुसरा टोला जरा रेंगाळेल.

गाडी यायला चाळीस मिनिटं होती. केबिनमध्ये साहेब होते, फोटो काढणारे होते, जुन्या लोकांची नातवंडं होती. आजोबांनी त्या केबिनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांच्या जगमधून पाणी ओतून घेतलं आणि प्यायले. वीस मिनिटांनी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मला खाली जाऊन यायचंय. फडकं कंदिलाच्या हातात दिलं. कंदील दांड्यांसमोर ताठ उभा राहिला. आजोबा खाली गेले, वर आले, फडकं परत घेतलं. आभाळ कोसळलं नाही.

मग घंटा वाजली. पलीकडची केबिन उरली नव्हती, म्हणून तिथल्या स्टेशनातून कुणीतरी तरुण मुलगा वाजवत होता. टोले अगदी सारखे, एकही रेंगाळला नाही. आजोबांनी काळा दांडा ओढला, मग निळा. लाल दांड्याला त्यांनी पाय रोवला, अंग मागे झोकलं, आणि लांबवर सिग्नलचा हात हलला. गाडी आली. काचा थरथरल्या. इंजिन गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेबांनी हात पुढे केला. आजोबांनी तो धरला नाही. त्यांचा हात दांड्यावर होता आणि नजर खिडकीकडे, जिथे मुंगी कठड्याला धरून वाकून पाहत होती.

डबे जात होते. मुंगी बोलत नव्हती. टाळ्या थांबल्या.

“दिसला,” मुंगी म्हणाली.

तेव्हा आजोबांनी दांडा जागेवर आणला आणि घंटेला हात घातला. दोन, आणि एक.

त्यानंतरही गोळ्यांचे तीन आठवडे उरले होते, फोटो नाही, टाळ्या नाहीत. सकाळी आठ, गोळी गेली, पेले तीन. शेवटची गोळी एका मंगळवारी गेली. आजोबांनी रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं, नोंदवही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. समोर पेला होता. त्यांनी चमचा मुंगीच्या हातात दिला.

मुंगीने चमचा खाली ठेवला. डॉक्टरीणबाईंनी शेवटी पुन्हा एकदा तपासायला सांगितलंय, ती म्हणाली, त्याचा कागद कुठे आलाय? आजोबांनी निमूटपणे पेनाला टोपण लावलं.

कागद शनिवारी आला. आईने वाचला, आजोबांनी वाचला, आणि मग मुंगीने तो खिडकीशी नेऊन उजेडात वाचला, पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत. जंतू सापडले नाहीत, असं लिहिलं होतं. तिने नोंदवही उघडून आजोबांसमोर ठेवली. ‘गाडी पार’ असं त्यांनी लिहिलं, आणि सही होईपर्यंत ती थांबली. मग तिने चमचा उचलून पेल्यावर वाजवला. दोन, आणि एक.

आणि मग, जरा थांबून, एक टोला जास्तीचा.